दोन तासांत एकशे चाळीस वर्षांची खतावणी

युरोपच्या सहलीत जर्मनीतील स्टुटगार्ट हे शहर बहुधा वाटेवरचे असते. म्युनिकहून हायडेलबर्गकडे किंवा ब्लॅक फॉरेस्टकडे जाताना बस तेथे थांबते, सहलप्रमुख ध्वनिक्षेपकावरून “दोन तास” एवढेच सांगतो आणि चाळीस-पन्नास माणसे मर्सिडीज-बेंझ संग्रहालयाच्या दारात उतरतात. पुढचे सारे ठरलेलेच असते. तरुण मंडळी पहिल्या चकचकीत मोटारीपाशी छायाचित्रांत रमतात, ज्येष्ठ मंडळी बसायला जागा शोधतात, मुले खेळण्यांच्या दुकानात शिरतात आणि वेळ संपतो. परतल्यावर कोणी विचारले, तर उत्तर येते, “छान होते, पण फार मोठे होते.”

मोठे आहे यात शंका नाही. साडेसोळा हजार चौरस मीटर जागेत एकशे साठ वाहने आणि एकूण सुमारे दीड हजार वस्तू मांडलेल्या आहेत. दोन तासांना एकशे साठांनी भागले, तर एका वाहनाच्या वाट्याला पाऊण मिनिट येते. त्यामुळे सगळे पाहण्याचा हट्ट दारातच सोडून द्यावा. काय पाहायचे नाही हे आधी ठरवणाऱ्यालाच येथे काही दिसते. व्यापारी घराण्यातील माणसाला त्यासाठी एक सोपा धागा हाती धरता येईल. यंत्रापेक्षा त्या यंत्रामागची खतावणी वाचत जावी. भांडवल कोणी घातले, माल कोणी विकला, पेढी कधी बुडायला आली आणि कशी तरली, एवढेच शोधत खाली उतरावे.

खाली उतरावे, कारण हे संग्रहालय वरून खाली पाहायचे असते. १९ मे २००६ रोजी खुल्या झालेल्या या इमारतीची रचना बेन फान बेर्केल यांच्या वास्तुसंस्थेने केली. दोन सर्पिल मार्ग एकमेकांत गुंफून वरून खाली येतात. एका मार्गावर कालक्रमाने मांडलेली सात इतिहास-दालने आहेत, दुसऱ्यावर प्रवासी वाहने, मालवाहू वाहने, रुग्णवाहिका व अग्निशामक गाड्या, नामवंतांच्या मोटारी अशी विषयवार पाच संग्रह-दालने. ज्याच्याकडे दोनच तास आहेत त्याने इतिहासाचा मार्ग धरावा आणि दुसऱ्या मार्गावरचे फक्त मालवाहू वाहनांचे दालन पाहावे. नामवंतांच्या मोटारींत राजकुमारी डायना यांनी वापरलेली लाल गाडी आहे, पोपमहाशयांची गाडी आहे. त्या पाहण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण त्यांतून हाती फक्त छायाचित्र लागते.

उद्वाहक थेट आठव्या मजल्यावर नेतो. दार उघडताच समोर मोटार नसते, एक पांढरा घोडा उभा असतो, पेंढा भरलेला. त्याच्या पायथ्याशी जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या नावावर सांगितला जाणारा अभिप्राय आहे. आपला विश्वास घोड्यावर आहे, मोटार हे चार दिवसांचे खूळ आहे, असा त्याचा आशय. येथे दोन मिनिटे थांबायला हरकत नाही. सम्राटाला हसणे सोपे आहे, पण त्या काळी तबेले, चारा, नाल, खोगीर आणि बग्ग्या यांवर उभ्या असलेल्या हजारो पेढ्यांचे मतही त्याच्याहून वेगळे नसावे.

पहिल्या दालनात मात्र घाई करू नये. दोन तासांतील पाऊण तास येथेच द्यावा, इतका मजकूर या एका खोलीत आहे. एका बाजूला गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांचे, उभ्या घड्याळासारखे दिसणारे १८८५ सालचे इंजिन आहे. नोकरी सोडून आलेल्या या दोघांनी ते जवळच्याच कानष्टाट भागात, बंगल्याच्या बागेतील काचघरात बनवले. काचघरात रात्रंदिवस चालणारी ठोकपीट ऐकून माळ्याला खोट्या नाण्यांचा संशय आला, त्याने पोलिसांना कळवले आणि झडतीत सापडली ती इंजिने, अशी हकीकत सांगतात. डाइमलर यांचे डोके व्यापाऱ्याचे होते. त्यांना मोटार विकायची नव्हती, इंजिन विकायचे होते. म्हणून त्यांचे इंजिन होडीला, रुळांवरच्या डब्याला, आग विझवण्याच्या पंपाला, विमाननौकेलाही बसवलेले दिसते. जमीन, पाणी आणि आकाश दर्शवणारा त्रिकोनी तारा पुढे बोधचिन्ह झाला, त्याचे मूळ या विक्रीच्या विचारात आहे.

दुसऱ्या बाजूला कार्ल बेंझ यांची तीन चाकांची गाडी आहे. २९ जानेवारी १८८६ ही तिच्या पेटंटची तारीख, क्रमांक ३७४३५. मूळ गाडी म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे, येथे तिची प्रतिकृती पाहायला मिळते. एका सिलिंडरचे इंजिन, एक अश्वशक्तीही पुरती नाही, वेग ताशी सुमारे सोळा किलोमीटर. यंत्र म्हणून ती आज खेळण्यासारखी वाटते. परंतु तिच्या जमाखर्चातील पहिली मोठी रक्कम कोणाची होती, हे विचारले म्हणजे चित्र बदलते. १८७१ मध्ये बेंझ यांचा भागीदार बेभरवशाचा निघाला आणि मानहाइम येथील कारखाना हातचा जाण्याची वेळ आली. तेव्हा त्यांची वाग्दत्त वधू बर्था हिने आपला हुंडा लग्नाआधीच मागून घेतला आणि त्यातून भागीदाराचा हिस्सा विकत घेण्यात आला. लग्न झाले पुढच्या वर्षी. ज्या मोटारीचे श्रेय जग एका माणसाला देते, तिचे भांडवल एका मुलीच्या स्त्रीधनातून आले होते.

गाडी तयार झाली तरी गिऱ्हाईक मिळेना. बेंझ स्वभावाने सुधारणांत गुंतणारे, बाजारात उतरायला कचरणारे. अखेर १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ पतीला न सांगता पहाटे निघाल्या. बरोबर पंधरा आणि तेरा वर्षांची दोन मुले, ओइगेन आणि रिशार्ड. मानहाइम ते त्यांचे माहेर फोर्ट्सहाइम, सुमारे शंभर किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, तारेच्या आवरणाचे काम मोज्याच्या पट्ट्याकडून करून घेतले, ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या अस्तराची कल्पना तेथूनच पुढे आली. चढावर गाडी दम टाकू लागली, मुलांनी ढकलली. परतल्यावर बर्थाबाईंनी आणखी एका खालच्या गियरची गरज असल्याचे पतीला सांगितले. आज ज्याला मालाची चाचणी, जाहिरात आणि गिऱ्हाइकाचा अभिप्राय म्हणतात, ते सारे त्या एका फेरीत झाले. दालनात या प्रवासाला फार मोठी जागा दिलेली नाही, म्हणून तो आधी माहीत असणे बरे.

पहिल्या दालनातून उताराने खाली येताना भिंतीवर त्या त्या काळातील घटनांची छायाचित्रे क्रमाने लावलेली आहेत. पुष्कळ लोक त्यांना ओलांडून जातात. चालता चालता त्यांवर नजर टाकली तरी पुढचे दालन समजायला सोपे जाते.

दुसऱ्या दालनात व्यापारी वाचकाला आपला माणूस भेटतो. एमिल येलिनेक हे अभियंते नव्हते. फ्रान्समधील नीस शहरात धनिकांच्या ओळखींवर मोटारी विकणारे हे व्यापारी होते. डाइमलर कंपनीच्या गाड्या त्यांना उंच, जड आणि उलटण्याजोग्या वाटत. डाइमलर १९०० च्या मार्चमध्ये निवर्तले. त्याच वर्षी येलिनेक यांनी साडेपाच लाख मार्क किमतीच्या छत्तीस गाड्यांची मागणी एकदम नोंदवली, त्यासोबत अटी घातल्या. गाडी नव्या बांधणीची, ठेंगणी आणि हलकी हवी. ऑस्ट्रिया-हंगेरी, फ्रान्स, बेल्जियम आणि अमेरिकेतील विक्रीचे हक्क आपल्याकडे हवेत. आणि गाडीला आपल्या मुलीचे, मर्सिडीजचे, नाव हवे. मायबाख यांनी गाडी बनवली, १९०१ च्या वसंतातील नीसच्या शर्यतींत ती सर्वांच्या पुढे गेली आणि जुन्या घडणीच्या गाड्या एका हंगामात शिळ्या झाल्या. या दालनात १९०२ सालची मर्सिडीज-सिंप्लेक्स उभी आहे, ती आज अस्तित्वात असलेली सर्वांत जुनी मर्सिडीज मानली जाते. पुढे येलिनेक यांनी स्वतःच्या आडनावालाही मर्सिडीज जोडले. बापाने मुलीचे नाव लावल्याचे असे उदाहरण विरळाच.

तिसऱ्या दालनात लांबलचक, दिमाखदार मोटारींभोवती गर्दी असते. खतावणी वाचणाऱ्याने त्याआधी दोन तारखा शोधाव्यात. १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. अशा बाजारात मोटार घेणार कोण? डाइमलर आणि बेंझ या एकमेकांच्या प्रतिस्पर्धी पेढ्या दोन्ही डबघाईला आल्या. १९२४ मध्ये त्यांनी सहकार्याचा करार केला आणि २८ जून १९२६ रोजी एकत्रीकरण झाले. या विवाहाची बोलणी पुढे नेणारा मध्यस्थ कारखान्यातला नव्हता, तर बँकेतला होता. डॉइचे बँकेचे एमिल गेओर्ग फोन श्टाउस यांचा त्यात पुढाकार होता. कर्ज बुडू नये म्हणून दोन कर्जदारांना एका मांडवाखाली आणणे ही बँकेची जुनी रीत, पण येथे तिच्यातून शतकभर टिकलेले नाव निघाले.

याच काळाची काळी पानेही आहेत. युद्धाच्या वर्षांत कंपनी विमानांची इंजिने बनवत होती. १९४४ मध्ये तिच्या ६३ हजारांहून अधिक मनुष्यबळापैकी जवळजवळ निम्मी माणसे सक्तीने राबवलेली होती, त्यांत युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदीही होते. मुले बरोबर असतील तर हा भाग टाळून पुढे नेऊ नये. आपल्या वहीतील लाजिरवाणी नोंद खोडून न टाकणारी पेढी त्यांनी पाहिलेली बरी.

चौथ्या दालनात पंखांसारखी वर उघडणाऱ्या दारांची १९५४ सालची ३०० एसएल आहे. तिच्यामागेही व्यापारीच उभा आहे. न्यूयॉर्कमधील आयातदार मॅक्स हॉफमन यांनी आग्रह धरला नसता, तर शर्यतीसाठी बनलेली ही गाडी बाजारात आलीच नसती. दारे वर उघडतात ती शोभेसाठी नव्हेत. नळ्यांचा सांगाडा बाजूंनी इतका उंच आहे की नेहमीचे दार बसवायला जागाच नव्हती.

येथून बाजूला वळून मालवाहू वाहनांचे दालन पाहावे. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरमध्ये मालमोटारी बनू लागल्या. धान्य, कापूस, गूळ, तेलाचे डबे वाहून नेणाऱ्या त्या टाटा-मर्सिडीज मालमोटारींच्या तोंडावर हाच तारा होता. आडतीच्या पेढीवर लहानपण गेलेल्या ज्येष्ठांना इतर कोणत्याही दालनापेक्षा येथे अधिक आठवेल, त्यांना बोलू द्यावे. १९९४ पासून कंपनी स्वतःच्या नावाने पुण्यात आहे, चाकणचा कारखाना महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊकच आहे.

पाचवे दालन सुरक्षिततेचे आहे. ते झरझर पाहिले तरी चालेल. मात्र धडकेचा जोर गाडीच्या पुढच्या-मागच्या भागाने शोषून घ्यावा आणि माणूस बसतो तो भाग कणखर राहावा, ही बेला बारेनी यांची कल्पना तेवढी लक्षात ठेवावी.

सहाव्या दालनाचा रोख विजेवर चालणाऱ्या, धूर न सोडणाऱ्या वाहनांकडे आहे. पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने थाटून बसलेल्या कुटुंबांनी येथे थोडे रेंगाळावे. विजेच्या मोटारीला पिस्टन लागत नाही, सायलेन्सर लागत नाही, क्लच प्लेट लागत नाही, ऑइल फिल्टर लागत नाही. आठव्या मजल्यावरचा पांढरा घोडा नेमका येथे आठवतो. दुकानावर बसणारा मुलगा बरोबर असेल, तर पुढच्या वीस वर्षांत फळीवर कोणता माल राहील हा विषय घरच्या गल्ल्यापेक्षा या ठिकाणी मोकळेपणाने निघू शकतो.

शेवटचे दालन शर्यतीच्या चंदेरी मोटारींचे. कलत्या वळणावर त्या धावता धावता थांबल्यासारख्या उभ्या आहेत. १९५५ साली फक्त दोन बनलेल्या ३०० एसएलआर उलेनहाउट कूपेपैकी एकीचा लिलाव मे २०२२ मध्ये याच इमारतीत झाला. किंमत आली १३ कोटी ५० लाख युरो, म्हणजे त्यावेळच्या दराने सुमारे अकराशे कोटी रुपये. ही रक्कम विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीनिधीसाठी ठेवण्यात आली. दुसरी गाडी कंपनीने विकलेली नाही.

व्यवहाराच्या चार गोष्टी. संग्रहालय सोमवारी बंद असते. इतर दिवशी सकाळी नऊ ते सायंकाळी सहा ही वेळ असते आणि तिकीट खिडकी पाचला बंद होते, तरी निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी मुख्य स्थानकावरून एस-१ क्रमांकाची लोकल घेऊन नेकारपार्क स्थानकावर उतरावे. उतारांमुळे चाकांची खुर्ची नेता येते, पण चालणे बरेच होते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पहिली दोन दालने पाहून उद्वाहकाने खाली यावे. खाकरे-दशम्यांचा डबा बसमध्येच उरकावा. दुकानातील खरेदी शेवटच्या दहा मिनिटांत करावी, आधी नाही.

बस पुढे हायडेलबर्गला जाणार असेल, तर त्या शहराच्या थोडे अलीकडे वीसलोख नावाचे गाव लागते. १८८८ च्या त्या फेरीत इंधन संपत आले, तेव्हा बर्थाबाईंनी तेथील औषधांच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतले. कपड्यांवरचे डाग काढायला वापरतात ते. ते दुकान आज जगातील पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखले जाते, आणि त्याच्यासमोर या प्रवासाचे स्मारक उभे आहे. चालकाला विनंती केल्यास पाच मिनिटे गाडी थांबू शकते.