कोसला
भालचंद्र नेमाडे (२७ मे १९३८ – ) यांची पहिली कादंबरी. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. ‘कोसला’ म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश. खानदेशातील सांगवी गावचा पांडुरंग सांगवीकर हा पंचवीस वर्षांचा तरुण तीत आपली हकीकत सांगतो. सधन शेतकऱ्याचा हा मुलगा पुण्यास शिकावयास येतो आणि अखेर परीक्षेतील अपयश घेऊन गावी परततो.

पूर्वार्धाचा मोठा भाग उपहासाने व्यापलेला आहे. वसतिगृहाची मेस, वक्तृत्व मंडळ, स्नेहसंमेलन यांत पांडुरंग हौसेने पुढारीपण करतो आणि वडिलांचा पैसा गमावतो. प्राध्यापक, पुढारी, संस्कृतीचे अभिमानी यांपैकी कोणीही त्याच्या तिरकस नजरेतून सुटत नाही. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ हे शब्द अस्थानी पेरण्याची त्याची लकब सुशिक्षितांच्या पोकळ बोलीचे विडंबन तर करतेच. शिवाय प्रत्येक अनुभव हातभर दूर ठेवण्याची सोयही त्याला करून देते.

धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरण पावते, तेव्हा ही सोय अपुरी पडते. देवीची लस दीडशेहून अधिक वर्षे ज्ञात होती आणि भारतात निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १९६२ मध्ये सुरू झाली होती. टाळता येण्याजोगे असे हे मरण आहे. वडिलांविषयीचा पांडुरंगाचा जुना रोष येथे गंमतीचा राहत नाही. विशेष म्हणजे लेखकाने शोकासाठी निराळी, अलंकृत भाषा योजिलेली नाही. तीच तुटक, बोलभाषेतील वाक्ये आता दुःखाचा भार वाहतात, आणि म्हणूनच हा पालट अनपेक्षित असूनही उपरा वाटत नाही. पुढे विनोद परततो, पण त्याला कडवटपणाची धार येते. गावातील शिकलेल्या रिकामटेकड्यांच्या गप्पांत ती स्पष्ट जाणवते.

जे. डी. सॅलिंजर यांच्या द कॅचर इन द राय (१९५१) या कादंबरीशी कोसलाची तुलना वारंवार केली जाते. तेथेही धाकट्या भावंडाच्या मृत्यूचे शल्य आहे. मात्र ते मरण कथानकापूर्वीच घडून गेलेले आहे. कोसलात ते ऐन हास्याच्या ओघात येते. केवळ निवेदनशैलीच्या साम्यावरून अनुकरणाचा ठपका ठेवणाऱ्यांनी हा फरक पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

कोसलानंतर नेमाडे यांनी काही काळ अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे इंग्रजीचे अध्यापन केले. महाविद्यालयीन जगाचा उपहास त्यांच्या बिढार (१९७५), जरीला (१९७७) व झूल (१९७९) या कादंबऱ्यांतही आढळतो. तेथे तो विद्यार्थ्याऐवजी चांगदेव पाटील या प्राध्यापकाच्या अनुभवांतून येतो.