भिंतीतल्या ओलीचा माग काढणारे यंत्र

विदर्भातल्या जुन्या विटांच्या घरांना पायाकडून ओल चढते, मग क्षारांचा लोणा फुटतो आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. यवतमाळला खेटून असलेल्या लोहाऱ्यातही हे कुणाला नवे वाटणार नाही. गवंडी पोपडे खरवडून नवा गिलावा करतो आणि काही पावसाळ्यांनी भिंत पुन्हा तशीच होते, कारण दुखणे वरच्या थरात नसून विटेच्या छिद्रांत असते. ही छिद्रे माल न फोडता, न सुकवता मोजता येतात. त्या पद्धतीचे नाव एनएमआर (न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स) शिथिलन. दवाखान्यातला एमआरआय याच तत्त्वावर चालतो.

पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रके चुंबकीय क्षेत्रात ठरावीक कंप्रतेने फिरतात. १ टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ. रेडिओलहरींचा झटका दिला की ती एकतालात येऊन संकेत देतात आणि मग ताल हळूहळू मोडतो; हेच शिथिलन. मोकळ्या पाण्यात त्याला दोन-तीन सेकंद लागतात. छिद्रात मात्र रेणू सारखे भिंतीवर आपटतात आणि तिथे ताल चटकन मोडतो. छिद्र जितके अरुंद, तितका संकेत लवकर विझतो. सिमेंटमधल्या ३ ते ५ नॅनोमीटरच्या छिद्रांत तो सेकंदाच्या काही दशसहस्रांशांत संपतो.

छिद्रे मोजायची जुनी रीत म्हणजे दाबाने पारा भरणे. त्यासाठी नमुना आधी सुकवावा लागतो आणि सुकवतानाच सिमेंटची बारीक रचना बिघडते. एनएमआरमध्ये तोच ओला तुकडा पहिल्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशीही मोजता येतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या यवतमाळात याचे मोल फार आहे. स्लॅबवर पाणी मारायला कुचराई झाली, तर मोठी छिद्रे भरून न येता तशीच राहतात, आणि ती या संकेतात वेगळी दिसतात.

या शास्त्राचा मुंबईशी जुना संबंध आहे. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासोबत एस. एस. धर्मट्टी यांनी अल्कोहोलच्या एकाच रेणूतल्या हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत दाखवले. पुढे त्यांनीच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआर संशोधन उभे केले. १९९०च्या दशकात जर्मनीतल्या आखेन इथे बर्नहार्ड ब्ल्यूमिख यांच्या गटाने भिंतीला टेकवायचे छोटे एकतर्फी चुंबक बनवले. नमुना चुंबकात घालण्याऐवजी चुंबकच भिंतीपाशी न्यायची सोय त्याने झाली. ते वरच्या काही मिलिमीटरांतले पाणी वाचते.

लोण्याच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटते ते नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचे काम. तिथे लिओ पेल आणि क्लास कोपिंगा यांनी विटेतून सरकणारे पाणी मोजण्यासाठी खास यंत्र उभारले. पुढे त्याच पद्धतीने पाण्याबरोबर सोडियमही मोजता आले. पाणी कुठवर चढले आणि क्षार कुठे साठला, हे एकाच नमुन्यात कळते.

मात्र विटेत लोह असते आणि ते संकेत आणखी लवकर विझवते. म्हणून लोहयुक्त विटेतली छिद्रे असतात त्याहून बारीक भासू शकतात. विदर्भातली काळी माती लोहयुक्त बेसॉल्ट झिजून झालेली, त्यामुळे शिथिलनाच्या काळावरून छिद्राचा आकार सांगणारा बाहेरचा तक्ता इथल्या विटेला डोळे झाकून लावणे मला धोक्याचे वाटते. आधी त्याच भट्टीच्या विटेचे अंतर्गत पृष्ठफळ नायट्रोजन शोषणाने काढावे, त्याच्याशी शिथिलनाचा काळ जुळवावा आणि चुंबकीय क्षेत्र कमी ठेवावे. वणीजवळच्या राजूरचा चुना वापरला असेल, तर त्या गिलाव्याचा नमुना वेगळा मोजावा, कारण चुन्याची छिद्रे विटेसारखी नसतात.