खोक्यावरचा नॅनोमीटर काय सांगतो?

कल्याणहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्याचा फोन रात्री घरी परतेपर्यंत टिकायलाच हवा. लोकलचा पास त्यात, पैसे त्यात. म्हणून नवा फोन घेताना 'चिप किती नॅनोमीटरची?' असं आता अनेकजण विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण उत्तरात मिळणारा आकडा अपुरा आहे.

चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, म्हणजे सतत उघडझाप करणारे सूक्ष्म स्विच. दर उघडझापेला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज 10 टक्के उतरवलं, तर ऊर्जा 19 टक्के वाचते! ट्रान्झिस्टर लहान केला की तो कमी व्होल्टेजवर आणि अधिक वेगाने चालतो, हे रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये मांडलं. पुढची तीसेक वर्षं हे गणित जमलं. मग स्विच इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली. ती आवरण्यासाठी 'फिनफेट' रचना आली, ज्यात स्विच उघडबंद करणारं 'गेट' विजेच्या वाटेला तीन बाजूंनी लपेटतं. आज '3 नॅनोमीटर' हे ट्रान्झिस्टरचं माप नव्हे, केवळ पिढीचं नाव उरलं आहे. त्या चिपमध्ये शेजारच्या दोन गेटांमधलं अंतर 45-50 नॅनोमीटरच्या आसपास असतं.

क्वालकॉमची 'स्नॅपड्रॅगन 8 जेन 1' सॅमसंगच्या 4 नॅनोमीटर तंत्राने बनली आणि तापण्यासाठी गाजली. मे 2022 मध्ये जवळपास त्याच आराखड्याची '8 प्लस जेन 1' आली, तैवानच्या टीएसएमसीकडून, तीही 4 नॅनोमीटरचीच. वेग वाढला आणि प्रोसेसरची वीज-कार्यक्षमता सुमारे 30 टक्के सुधारली, असं क्वालकॉमनेच जाहीर केलं. आकडा तोच, कारखाना वेगळा.

शिवाय प्रत्येक कामाला सर्वांत लहान ट्रान्झिस्टर लागत नाही. पवईच्या आयआयटीत घडलेला 'अजित' प्रोसेसर मोहालीत 180 नॅनोमीटरवर बनला. फोनसाठी तो नाही, पण साध्या नियंत्रक उपकरणांना पुरेसा आहे, आणि मला त्याचं मोल मोठं वाटतं.

लोकलमध्ये तर बॅटरीचा मोठा वाटा स्क्रीन आणि टॉवरशी संपर्क ठेवणारा रेडिओ खातात. टॉवर दूर गेला की फोन जोर लावून लहरी सोडतो. ते काम करणारा ॲम्प्लिफायर बहुधा गॅलियम आर्सेनाइडचा वेगळा तुकडा असतो. प्रोसेसरचे नॅनोमीटर घटले, म्हणून ॲम्प्लिफायरची भूक घटत नाही.

तेव्हा फोन घेण्याआधी चिप कोणी बनवली ते पाहा, आणि बॅटरीची चाचणी वायफायवरची नव्हे, मोबाइल डेटावरची वाचा.