यंत्राचे वाचन आणि पुस्तकाची शिवण
आपल्या मिहानात संगणक कंपन्या आल्या. तेव्हा यंत्र वाचते कसे, हेही समजून घेऊ. जून २०२५ च्या अमेरिकी न्यायनिर्णयात नमूद आहे की, कृत्रिम बुद्धीला शिकवण्यासाठी अँथ्रॉपिक कंपनीने लाखो छापील पुस्तके विकत घेतली, बांधणी कापून सुटी पाने यंत्राने टिपली आणि कागद टाकून दिले. न्यायालयाने हे कायदेशीर ठरविले. सुटी पाने झरझर सरकतात, काम स्वस्तात होते. हजारो प्रती असल्या तर बिघडले कुठे? पण विदर्भ साहित्य संघ १९२३ साली स्थापन झाला. त्या सुमाराच्या कित्येक मराठी पुस्तकांची आज एखादीच प्रत हाती लागते. ती न कापता, हाताने पान उलटून, वरून छायाचित्र घ्यावे. वेळ लागेल खरा; पण एखादे पान अस्पष्ट आले, तर पुन्हा टिपता येईल. फेकलेले कुठून आणणार?