पैसे निघाले, पण पोचले का?

भाजीवाल्या मावशींना यूपीआयने ४० रुपये पाठवले. आपल्या खात्यातून वजा झाल्याचा मेसेज आला. मावशींच्या गाडीवरचा, पैसे आल्याचं सांगणारा बोलका डबा मात्र मुका. मग पैसे आहेत कुठे?

२०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमागे कुणी एकटा महासंगणक बसलेला नाही. आपलं अ‍ॅप, आपली बँक, मावशींची बँक आणि मध्ये निरोप्याचं काम करणारी एनपीसीआय, प्रत्येकाचे संगणक वेगळे. ते निरोप धाडून एकमेकांशी बोलतात. आपल्याला मात्र एकच यंत्र भासतं. हीच ‘वितरित प्रणाली’. तिच्यातला नेमून दिलेलं काम करणारा भाग म्हणजे ‘सेवा’: एक पिन तपासते, दुसरी शिल्लक वजा करते, तिसरी मेसेज पाठवते.

खरी गोम निरोपांत आहे. जुनी मनीऑर्डर आठवा. सहीची पोच आली नाही, तर पैसे पोचलेच नसतील किंवा पोचूनही पोच वाटेत हरवली असेल. पाठवणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. ‘पेंडिंग’ म्हणजे नेमकं हेच.

म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो. त्यावरून बँकेला पुन्हा विचारता येतं आणि तोच निरोप दोनदा आला, तरी पैसे एकदाच जमा होतात. पण आपण घाईने पुन्हा पैसे धाडले, तर तो नवा क्रमांक, नवा व्यवहार!

मावशींचा तोडगा सोपा: “राहू द्या, उद्या बघू.” यंत्रणाही तेच करते, थोडं थांबते आणि पुन्हा विचारते.