कनेक्टिकटला कोण हरवणार?

अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलींच्या बास्केटबॉलचा विषय निघाला की कनेक्टिकट विद्यापीठाचे नाव घ्यावेच लागते. १९८५ साली जिनो ऑरिएम्मा तेथे प्रशिक्षक म्हणून आले. दहा वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांच्या मुलींनी एकही सामना न गमावता पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. २०२५ पर्यंत ही संख्या १२ वर गेली. मध्यंतरी या संघाने एकदा सलग ९० आणि पुढे सलग १११ सामने जिंकले. त्यामुळे निकाल आधीच ठरलेला असेल तर सामना पाहायचा कशाला, असे पुष्कळांना वाटू लागले. अशा एकतर्फी वर्चस्वाने खेळाचीच हानी होते, अशी टीकाही झाली.

मला ही टीका पटत नाही. कनेक्टिकट हरले ते सामने नीट पाहिले, तर या संघाला आव्हान कोण देऊ शकते याचे उत्तर त्यांतच सापडते.

पहिले आव्हान बरोबरीच्यांचे. पॅट समिट यांच्या मार्गदर्शनाखाली टेनेसी विद्यापीठाने १९८७ ते २००८ या काळात ८ अजिंक्यपदे मिळवली. कनेक्टिकटने १९९५ चा अंतिम सामना जिंकला तो टेनेसीलाच ७०-६४ असे हरवून. तुल्यबळ प्रतिस्पर्धी समोर असल्यामुळेच दोन्ही संघांची उंची वाढत गेली.

दुसरे आव्हान जवळून ओळखणाऱ्यांचे. नोत्र दाम विद्यापीठाचा संघ २०१३ पर्यंत कनेक्टिकटच्याच गटात खेळत असे. वर्षानुवर्षे गाठी पडल्या आणि नावाचा दरारा ओसरला. २००१, २०११, २०१२, २०१८ आणि २०१९ अशा पाच वेळा नोत्र दामने कनेक्टिकटला उपांत्य फेरीतच रोखले. ज्याच्याशी रोज कुस्ती होते त्याच्या नावाला मल्ल भीत नाही, हेच खरे!

तिसरे आव्हान अंगमेहनतीचे. २०२२ पर्यंत कनेक्टिकटने ११ अंतिम सामने खेळले होते आणि अकराही जिंकले होते. त्या वर्षी डॉन स्टेली यांच्या साउथ कॅरोलायना संघाने त्यांना ६४-४९ असे हरवले. नेमबाजीपेक्षा रिंगवरून परतलेला चेंडू झडपण्यावर, म्हणजे रिबाऊंडवर, हा सामना जिंकला गेला. हुकलेला चेंडू पुन्हा आपल्याच हाती आला की बास्केट करण्याची दुसरी संधी मिळते, आणि प्रतिस्पर्ध्याची एक चढाई कमी होते. नेमबाजीला दैवी देणगी लागत असेल. पण रिबाऊंडला योग्य जागा, ताकद आणि जिद्द लागते. या गोष्टी सरावाने कमावता येतात.

चौथे आव्हान मला सर्वांत मोलाचे वाटते. २०१६ च्या राष्ट्रीय स्पर्धेत मिसिसिपी स्टेट संघ कनेक्टिकटकडून ९८-३८ असा, तब्बल ६० गुणांनी, हरला होता. पुढच्याच वर्षी उपांत्य सामन्यात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. सामना बरोबरीत सुटला, जादा वेळ द्यावा लागला आणि अगदी शेवटच्या क्षणी मॉर्गन विल्यम या अवघ्या ५ फूट ५ इंच उंचीच्या मुलीने चेंडू बास्केटमध्ये टाकला. ६६-६४! १११ विजयांची मालिका तेथेच तुटली. दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाने मिसिसिपी स्टेटला हरवले, ही गोष्ट वेगळी. पण ६० गुणांचे अंतर एका वर्षात भरून काढता येते, हे सिद्ध झाले होते.

२०२१ पासून खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळण्याची मुभा मिळाली. त्यामुळे चांगल्या मुली मिळवण्याचा मार्ग इतर संघांनाही मोकळा झाला. अर्थात आव्हानामुळे विजेताही जागा होतो. २०२५ च्या अंतिम सामन्यात कनेक्टिकटने साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असे नमवून २०२२ ची परतफेड केली.

म्हणून बलाढ्य संघाला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे गट जाहीर होताच, ‘त्यांच्याशी पहिलाच सामना? मग संपलेच!’ असे उद्गार आपल्याकडेही ऐकू येतात. एखाद्या संघाच्या वर्चस्वाने खेळाची हानी होत नाही. ती होते मैदानात उतरण्यापूर्वीच दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानल्याने. कनेक्टिकटला कोण हरवणार, याचे उत्तर एका संघाच्या नावात नाही. मागच्या वर्षीचा गुणफलक न विसरता, पण त्याला न घाबरता जो सरावाला उभा राहील, तो हरवणार.