परिषदेत जेवणाची सुट्टीही कामाचीच

भाषणं ऑनलाइन ऐकता येत असताना वैज्ञानिक परिषदांवर खर्च कशाला, असं विचारणाऱ्यांनी नोव्हेंबर १९७२ ची होनोलुलूची परिषद आठवावी. विषय होता जिवाणूंमधली प्लाझ्मिडं, म्हणजे डीएनएची छोटी कडी. स्टॅनली कोहेन यांच्याकडे प्लाझ्मिड जिवाणूत घालण्याची पद्धत होती, हर्बर्ट बॉयर यांच्याकडे डीएनए नेमक्या जागी कापणारं एन्झाइम. सत्रं संपल्यावर वाइकीकीजवळच्या एका साध्या खाद्यगृहात रात्री खाता खाता दोघांनी एकत्र प्रयोगाचा बेत आखला आणि १९७३ मध्ये जनुकं जोडण्याचं तंत्र प्रसिद्ध झालं. पुढे जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेता आलं ते याच वाटेनं. व्यासपीठावर माणूस तयार निष्कर्ष मांडतो. काम कुठे अडलंय, हे मात्र तो जेवताना बोलतो. पडद्यावर नेमकी हीच वेळ हातची जाते.

अशा गप्पांचा लाभ ओळखीपाळखी असणाऱ्यांनाच होतो, नवखा विद्यार्थी चहाचा कप घेऊन कोपऱ्यात उभा राहतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. पण म्हणून गप्पाच नकोत, हे काही उत्तर नव्हे; नवख्यांना त्यांत ओढून घ्यायला हवं. पोस्टर सत्रात तर बोलायला निमित्त समोर टांगलेलंच असतं. मार्गदर्शकांनो, पुढच्या परिषदेत आपल्या विद्यार्थ्याची निदान दोन अनोळखी संशोधकांशी स्वतः ओळख करून द्या.